चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : व्ही१० वाल्या बीएमडब्ल्यू एम५ चा खर्चासकट रिव्ह्यू

ज्यांना फक्त 'एव्हरेज किती देते' एवढंच विचारायचंय त्यांचं उत्तर आधी देऊन टाकतो. गावात साडेचार, हायवेला शहाण्यासारखी चालवली तर आठ, आणि जशी चालवायला बनवलीय तशी चालवली तर विचारू नका. किलोमीटर पर लिटर म्हणतोय मी. हे ऐकून 'मग घेतली कशाला' असं ज्यांना वाटलं त्यांनी इथनंच परत फिरा, राग नाही, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण लांबण लागणार आहे.

गाडी म्हणजे ई६० मॉडेलची एम५, २००५ ते २०१० या काळात जर्मनीत डिंगॉल्फिंगच्या प्लांटमधनं निघालेली. मी राहतो इंग्लंडमध्ये त्यामुळे पुढचे सगळे हिशोब पौंडात आहेत, रुपयात करायला जाऊ नका, रडाल. बाहेरून बघितलं तर साधी फाइव्ह सिरीज, पुढच्या चाकांमागच्या जाळ्या आणि मागचे चार पाइप सोडले तर शेजाऱ्याच्या ५२०डी मध्ये आणि हिच्यात काय फरक आहे ते फक्त शाळेतल्या पोरांना कळतं. बॉनेटखाली मात्र पाच लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो बिर्बो काही नाही, ५०७ हॉर्सपॉवर, आणि रेडलाईन, म्हणजे इंजिन फिरवायची शेवटची हद्द, ८२५० आरपीएमला. चार दारं, मागे तीन माणसं, डिकीत इंडियाला जायच्या दोन मोठ्या बॅगा आरामात. तेव्हा बीएमडब्ल्यू एफ वनमध्ये विल्यम्स टीमला व्ही१० इंजिनं देत होती आणि या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक लँड्सहूटच्या त्याच फाउंड्रीत ओतला जायचा. मजा अशी की २००६ ला एफ वनने व्ही१० काढून व्ही८ आणलं, म्हणजे रेसच्या ट्रॅकवरनं गेलेला प्रकार पुढची चार वर्षं लोक शोरूममधनं घेऊन त्यात भाजी आणायला जात होते. असली गाडी परत कोणी बनवणार नाही, आणि तिचं सगळं आकर्षण तिथेच आहे.

आता पैसे. नवी होती तेव्हा इथे साठ हजार पौंडांच्या वर किंमत होती. आज बऱ्यापैकी जपलेली पंधरा ते पंचवीस हजारांत मिळते, म्हणजे एखाद्या नव्या हॅचबॅकच्या भावात, आणि माणूस फसतो तो इथेच. गाडीची किंमत उतरली, पार्टची उतरलेली नाही. पार्टच्या काउंटरवरच्या माणसाला तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी काही देणंघेणं नाही, तो साठ हजारांच्या गाडीचाच भाव लावणार. त्यामुळे ज्याच्याकडे पंधरा हजार आहेत त्याने पंधरा हजारांची एम५ घेऊच नये, दहा-अकराची बघावी म्हणतो असं पण नाही, कारण दहाची जी असते तिच्यात पुढचे आठ हजार आधीच लपलेले असतात. सरळ सांगायचं तर हातात वीस असतील तर पंधराची घ्या आणि पाच बाजूला काढून ठेवा, आणि त्या पाचाकडे किचनच्या रिनोव्हेशनचे म्हणून कोणाला बघू देऊ नका.

रोड टॅक्सची एक गंमत आहे जी घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे. इथे जुन्या गाड्यांचा टॅक्स सीओटूवर ठरतो आणि ही बाई किलोमीटरला ३५७ ग्रॅम सोडते, म्हणजे यादीत सगळ्यात खालची, एम बँड, वर्षाला साडेसातशे पौंडांच्या वर. पण २३ मार्च २००६ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांना के बँडच्या वर नेत नाहीत, त्यांना सव्वाचारशेच्या आसपास बसतात. तीच गाडी, तेच इंजिन, तोच धूर, पण २२ मार्चला नंबर लागला असेल तर दरवर्षी तीनशेच्या वर वाचले. त्यामुळे ०५ च्या आणि ०६ च्या सुरुवातीच्या गाड्यांना लोक जास्त विचारतात, जरी नंतरच्या गाड्यांचं इंटिरिअर थोडं बरं असलं तरी. आणि याच्याहून मोठी गंमत लंडनच्या यूलेझची, म्हणजे घाण धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणाऱ्या झोनची. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या लंडनभर लागू झालं, जुन्या डिझेलवाल्यांना रोजचे साडेबारा पौंड. नियम विषारी धुराचा आहे, सीओटूचा नाही, आणि पेट्रोलला धुराचं युरो ४ स्टँडर्ड पुरतं, डिझेलला त्याहून वरचं लागतं. म्हणजे पाच लिटरची व्ही१० फुकट आत जाते आणि माझ्या मित्राच्या दहा वर्षं घासलेल्या युरो ५ डिझेल ऑक्टाव्हियाला पैसे पडतात. तो बिचारा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पेट्रोल महागडंच टाकायचं, ९८-९९ ऑक्टेनचं, साध्यात चालते पण मग हिला घेतलीच कशाला. टाकी ७० लिटरची, दीड पौंड लिटर धरलं तर एका फुल्ल टाकीला शंभरच्या वर, आणि त्यात मिक्स चालवली तर साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. इथल्या हिशोबात गॅलनला १५ मैल, म्हणजे मैलाला साधारण ४५ पेन्सचं नुसतं पेट्रोल. ऑफिसच्या कामाला स्वतःची गाडी वापरली तर इथल्या टॅक्स खात्याने २०११ ला मैलाला ४५ पेन्सचा रेट ठरवला, आणि त्यात पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर, झीज सगळं धरलेलं असतं. हिच्यात ते सगळं पेट्रोलमध्येच संपतं.

लंडनमध्ये डॉलिस हिलला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे ना, १९३२ पासूनचं, तिथे गणपतीला गेलो की बाहेर पार्क करताना कोणीतरी काका हमखास भेटतातच. 'छान आहे रे गाडी, एव्हरेज किती देते?' 'पाच देते काका.' 'पाच? अरे माझी प्रायस वीस देते.' यावर माझ्याकडे उत्तर नाही, असायची गरज पण नाही, मी फक्त त्यांना बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणतो, आणि परत आल्यावर काका दुसऱ्या काकांना हाक मारतात.

आता ऑइल, कारण एम५ वाल्यांच्या बोलण्यात पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त असतं. १०डब्ल्यू-६० लागतं, दाट, महाग, एका वेळी नऊ लिटरच्या वर जातं. आणि ही ऑइल पिते, धडधाकट इंजिन पण पिते, त्यामुळे डिकीत एक बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून कायम ठेवायची. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, नाहीये! लेव्हल बघायची ती स्क्रीनवरच्या पट्टीवर आणि ती पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. थंड इंजिन जोरात पळवायचं नाही हे जर्मन माणसाने मीटरमध्येच बसवून ठेवलंय, आरपीएमच्या काट्याभोवती छोटे दिवे आहेत, सकाळी चालू केली की ते खालपासून पेटलेले असतात, म्हणजे याच्या पुढे जाऊ नकोस, आणि जसजसं ऑइल तापत जाईल तसतसा एकेक दिवा विझत वर सरकतो. फेब्रुवारीतल्या सकाळी ते सगळे विझायला बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत तुम्ही सव्वापाचशे... नको, ५०७ घोडे घेऊन म्हाताऱ्या आजोबांच्या मागनं चाळीसने चाललेले असता. मला ते आवडतं खरं तर.

मग रॉड बेअरिंग. हा शब्द या गाडीच्या कुठल्याही जाहिरातीत शोधा, 'बदललेले आहेत' असं लिहिलं असेल तर पुढे वाचा. कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवर) जिथे फिरतो तिथल्या या पातळ वाट्या, इंजिनात गॅप फार कमी ठेवलेली आणि ऑइल जाड, त्यात आधीच्या मालकाने थंड इंजिन तुडवलेलं असेल तर त्या लवकर झिजतात, आणि एक जरी फिरली तर क्रँक गेला, क्रँक गेला म्हणजे इंजिन गेलं, आणि इंजिन म्हणजे जवळपास गाडीची किंमत. म्हणून लोक साठ-सत्तर हजार मैलांना बिघडायच्या आधीच बदलतात. काम मोठं आहे, इंजिन वरून टांगून ठेवायचं, खालची सबफ्रेम उतरवायची, संप म्हणजे ऑइलचं भांडं काढायचं. स्पेशालिस्टकडे दोन हजार पौंडांच्या घरात जातं. माझ्या मेकॅनिकने काढलेल्या वाट्या एका कापडावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीपुढे मार्करने सिलिंडरचा नंबर. नवी असते ती एकसारखी राखाडी, यातल्या बऱ्याच राखाडीच होत्या पण मधल्या तीन-चारांवर नखाएवढा तांब्याचा लाल पट्टा दिसत होता. वरचा थर गेलेला. आवाज शून्य, स्क्रीनवर वॉर्निंग शून्य, गाडी मस्त पळत होती. तो नुसता बोट दाखवून गप्प बसला, बिल त्याने नंतर दिलं.

बाकी ठरलेली दुखणी अशी की दहा सिलिंडरना दहा थ्रॉटल (हवा आत सोडणारे पडदे) आहेत आणि ते उघडायला दोन मोटर, त्यांच्या आतले दाते झिजतात. व्हॅनॉस म्हणजे व्हॉल्व्हचं टायमिंग हलवणारी सिस्टीम ८० बारच्या प्रेशरवर चालते, तिची लाइन गळते. स्पार्क प्लग दहा, कॉइल दहा, काहीही घ्यायचं तर दहा. क्लच फ्लायव्हीलसकट दोन हजारांच्या पुढे. टायर पुढे २५५ मागे २८५, १९ इंची, चांगल्या कंपनीचे चार घेतले तर हजाराच्या आसपास, आणि मागचे दोन कधी संपले ते कळत पण नाही. बॅटरी डिकीत असते, गाडी दोन आठवडे उभी राहिली की बसते, म्हणून गॅरेजात चार्जर लावून ठेवायचा. इन्शुरन्स मात्र वाटला होता त्याहून बरा निघाला, वय वाढल्याचा हा एक फायदा, माझं आणि गाडीचं दोघांचं.

थ्रॉटलच्या मोटरवरून आठवलं. एकदा भर पावसात मोटरवेवर एकदम सगळे दिवे पेटले, इंजिनाचा, डीएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या सिस्टीमचा), गिअरबॉक्सचा, आणि गाडी लंगडायला लागली. जवळच्या एका चकचकीत गॅरेजात टाकली, नाव घेत नाही, त्यांनी गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप गेलाय म्हणून अडीच हजारांचं कोटेशन हातात ठेवलं आणि वर कॉफी पाजली. मी गाडी टोइंग करून माझ्या नेहमीच्या स्पेशालिस्टकडे नेली, त्याने लॅपटॉप लावला आणि दहाव्या मिनिटाला सांगितलं की पंप ठणठणीत आहे, थ्रॉटलची एक मोटर गेलीय, तिच्यामुळे बाकीचे सगळे कोकलतायत. दाते बदलून रिबिल्ड केली, काही शेमध्ये काम झालं. म्हणून ही गाडी शोधायच्या आधी तिचा मेकॅनिक शोधावा, तुमच्या घरापासून तासाभरात व्ही१० उघडलेला माणूस नसेल तर घेऊ नका, खरंच.

एवढं सगळं ऐकून घेतलंत तर आता ते ऐका ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. सकाळी स्टार्ट केली की आवाज काही खास नाही, खडखड करते, डिझेल आहे का असं एकाने विचारलं पण होतं. खाली जोर पण नाही, तिच्याच काळातली डिझेलवाली ५३५डी ५६० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमला द्यायची, हिचा ५२० आहे आणि तो पण ६१०० ला येतो. वर चालू केली की ती ४०० हॉर्सपॉवरवरच असते, पूर्ण ५०७ पाहिजे तर बटण दाबायचं, नाहीतर स्टिअरिंगवरच्या एम बटणात सगळं सेट करून ठेवायचं. तर ते दाबा, दुसऱ्या गिअरला घ्या, पाय खाली ठेवा आणि थांबा. तीन हजारला काही नाही. चार हजारला बरी. पाच हजारच्या पुढे मात्र आवाज बदलतो, खडखडीचा सूर होतो, तो चढत जातो, आणि इतर गाड्या जिथे दमून गिअर मागतात तिथे हिचं आत्ता कुठे सुरू झालेलं असतं, सात हजार, साडेसात, तुमच्या डोक्यातलं प्रत्येक व्यवहारी माणूस सांगत असतं की बस आता, आणि ती आठ हजारच्या पण पुढे जाते. पोटात गोळा येतो. तेव्हा तुम्हाला रॉड बेअरिंग, टॅक्स, काका, कोणी आठवत नाही. टर्बोच्या गाड्या याच्याहून फास्ट आहेत, हल्लीची इलेक्ट्रिक तर सिग्नलला हिला सहज मागे टाकेल, शून्य ते शंभर ४.७ सेकंद आता कोणाला सांगायची सोय राहिली नाही. पण त्यांच्यात जोर पहिल्या क्षणाला सगळा मिळून संपतो, हिच्यात तो तुम्हाला चढून जाऊन मिळवावा लागतो.

प्रॉब्लेम असा की तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाईनला जाईपर्यंत इंग्लंडमधली ७० मैलांची लिमिट कधीच मागे पडलेली असते. ही गाडी समजली ती जर्मनीत. फोकस्टनवरनं ट्रेनमध्ये गाडी चढवायची, पस्तीस मिनिटांत फ्रान्स, बेल्जियम कंटाळवाणं, आणि मग ऑटोबानवर ती तिरक्या काळ्या रेघांची गोल पाटी येते, की लिमिट संपली. तिथे २५० ला कंपनीने लावलेला लिमिटर लागतो तेव्हा गाडी इतकी शांत असते की मागे बसलेली बायको झोपेतनं उठून म्हणाली, पोचलो का. त्या स्पीडला पेट्रोलचा काटा खाली येताना डोळ्यांना दिसतो. आणि त्याच गाडीतनं उतरून संध्याकाळी कोलोनला जेवायला जायचं, पाठ दुखत नाही, सीट गरम, सामान डिकीत. चार दारांची गाडी आणि असलं इंजिन हे एकत्र असण्यातच सगळी मजा आहे, दोन सीटची सुपरकार घेतली असती तर ती महिन्यातनं एकदा निघाली असती.

गिअरबॉक्सबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. एसएमजी म्हणजे क्लच पेडल नसलेला मॅन्युअल, सात गिअर, आतून पंप क्लच दाबतो. ट्रॅफिकमध्ये धक्के देते, चढावर रिव्हर्स घ्यायला लागलं तर क्लचचा वास येतो, पार्किंगला पी नाहीच, गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावायचा. ऑटोमॅटिक समजून चालवली तर शिव्या द्याल. गिअर बदलताना पाय जरासा उचलायचा, मॅन्युअलसारखा, मग सुधारते, आणि फुल्ल ताकदीत असताना तर मस्तच बदलते. पण खोटं कशाला बोलू, १० पैकी ५ देईन. अमेरिकेत लोकांनी आरडाओरडा केला म्हणून त्यांना सहा गिअरचा मॅन्युअल दिला होता, आम्हाला नाही. ब्रेक पण ५०७ हॉर्सपॉवरच्या मानाने साधे, पुढची डिस्क ३७४ मिलिमीटरची आहे खरी पण ट्रॅकवर दोन चकरांत हातपाय गाळते.

इंडियातले मित्र विचारतात की येताना घेऊन ये ना. येत नाही बाबा, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्याकडे आणायला परवानगीच नाही, आणि परवानगी असती तरी ड्युटी भरून पुण्याच्या स्पीडब्रेकरवर हिचं पोट घासायला मी आणणार नाही. तिकडे पाहिजे तर नवी एम५ आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा १ कोटी ९९ लाख एक्स-शोरूम, हायब्रिड, ७२७ हॉर्सपॉवर, वजन जवळपास अडीच टन. माझीचं पावणेदोन. मी ती बघितली बसून, सोफा भारी आहे.

रोज ऑफिसला जायला एकच गाडी ठेवणार असाल तर ही घेऊ नका, २०११ नंतरची एफ१० मॉडेलची एम५ घ्या, ट्विन टर्बो व्ही८, ५६० हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स शहाणा, पेट्रोल थोडं कमी. दुसरी गाडी म्हणून, घरात एखादी यारिस-जॅझ असताना, ही घ्या. फॅमिलीला पटवायचं असेल तर टूरिंग पण होती, इस्टेट बॉडी, फक्त १०२५ बनल्या, मिळाली तर किंमत बघून गप्प व्हाल. बघायला जायच्या आधी सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीची, म्हणजे इथल्या दर वर्षीच्या फिटनेस टेस्टची, हिस्ट्री फुकट बघा, दर वर्षीचं मैलेज आणि काय काय नापास झालं ते सगळं तिथे असतं, ज्या वर्षी गाडी फक्त दोनशे मैल चाललीय त्या वर्षी ती कशाची वाट बघत उभी होती ते विचारा. आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नकोस, थंड इंजिन सुरू होताना मला ऐकायचंय. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याच्याकडे चहा प्या, गप्पा मारा, आणि तीन तासांनी परत बॉनेटला हात लावा.